गडाच्या पायऱ्यांकडे परतताना : घरातील पूर्वतयारी

पाचाड मागे टाकून चित दरवाजापाशी आलेला मनुष्य मान वर करून रायगडाकडे पाहतो, तेव्हा त्याच्या मनात जो पहिला हिशेब सुरू होतो तो चढाचा असतो. एवढे वर जाणे आपणांस साधेल काय, दम टिकेल काय, मध्येच बसावे लागले तर बरोबरची मंडळी हसतील काय, असे प्रश्न त्यास पडतात. खाली उतरणे साधेल काय, हा प्रश्न मात्र सहसा कोणास पडत नाही. उतार हा फुकटचा, अशी आपली समजूत असते. पंधरा-वीस वर्षांच्या खंडानंतर गडाकडे परतणाऱ्या माणसाची फजिती बहुधा ह्या समजुतीपायीच होते; आणि घरात राहून जी तयारी करावयाची, तिचे निम्मे मर्मही ह्याच समजुतीच्या दुरुस्तीत आहे.

महाडातील अथवा पोलादपुरातील एखाद्या गृहस्थाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. शाळेत असताना तो सहलीबरोबर गड धावत चढला. तरुणपणी चैत्री पौर्णिमेस, शिवछत्रपतींच्या पुण्यतिथीस, गडावर जाण्याचा त्याचा नेम होता. पुढे नोकरी आली, प्रपंच आला, वडिलांचे दुखणे आले, मुलांच्या परीक्षा आल्या. नेम एका वर्षी चुकला, तो दुसऱ्या वर्षीही चुकला आणि मग चुकण्याचाच नेम झाला. आता साठी उलटली आहे. पुण्याहून आलेला नातू म्हणतो, आजोबा, मला रायगड दाखवा. आजोबांच्या स्मरणात गड जसाच्या तसा आहे आणि घोटाळा असा की, त्या स्मरणात त्यांचे पायही जसेच्या तसे आहेत. रविवारी मंडळी निघतात. आजोबा थांबत थांबत, ताक पीत पीत वर पोहोचतात. उतरताना तर त्यांना काहीच वाटत नाही; नातवास गोष्टी सांगत ते खाली येतात. सोमवारी मांड्या जराशा जड वाटतात. मंगळवारी सकाळी मात्र ते स्वतःच्या घराच्या माडीवरून कठड्यास धरून, तोंड भिंतीकडे करून, उलटे एकेक पायरी खाली उतरत असतात.

हा प्रकार ज्यांनी अनुभवला आहे त्यांना तो हसण्यासारखा वाटत नाही. कित्येकजण त्यानंतर गडाचे नावच टाकतात. आपले वय झाले, असा निकाल ते स्वतःविरुद्ध देऊन मोकळे होतात. वस्तुतः तो निकाल वयाने दिलेला नसतो, तयारीच्या अभावाने दिलेला असतो. ह्याचा उलगडा होण्यासाठी दीर्घ खंडात शरीरातून नेमके काय जाते आणि काय कोणत्या वेगाने परत येते, हे थोडक्यात पाहिले पाहिजे.

पहिल्याने जातो तो दम. नित्याची मेहनत थांबली की दोन ते चार आठवड्यांतच त्यात घट दिसू लागते. शरीरातील रक्ताचे आकारमान काहीसे उतरते आणि तेवढ्याच कामासाठी हृदयास अधिक ठोके द्यावे लागतात. स्नायूंचे बळ जरा उशिरा जाते, पण त्याच्या जाण्यास वयाची साथ मिळते. चाळिशीनंतर न वापरलेला स्नायू हळूहळू आटत जातो. तिसरी गोष्ट म्हणजे कंडरा, स्नायूस हाडाशी बांधणाऱ्या त्या पांढऱ्या दोऱ्या. त्यांना रक्ताचा पुरवठा मुळातच थोडा. त्या कधी सैलावल्या हे कळत नाही आणि पुन्हा चिवट होण्यास त्या महिनेच्या महिने घेतात. चौथी गोष्ट तोल. तो तर गेल्याचेच कोणाच्या लक्षात येत नाही, कारण सपाट फरशीवर वावरणाऱ्या माणसाला त्याची गरजच पडत नाही.

परत येताना क्रम साधारण हाच राहतो. दम लवकर येतो. तीन-चार आठवड्यांत फरक जाणवतो. एकदा कमावलेले बळही नवख्यापेक्षा जुन्या मेहनती माणसाकडे लवकर परतते, ही समाधानाची गोष्ट आहे. कंडरा मात्र मागे रेंगाळतात. म्हणून तयारी करणाऱ्यास सर्वांत मोठा धोका पहिल्या आठवड्यात नसून चौथ्या-पाचव्या आठवड्यात असतो. त्या सुमारास छाती म्हणते चल, मन म्हणते चल, आणि गुडघ्याखालची कंडरा अजून तयार झालेली नसते. उत्साही माणसे जायबंदी होतात ती ह्याच दिवसांत.

आता उताराकडे वळू. पायरी चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जातो आणि शरीरास वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि ताणला जाता जाता शरीराचा भार सावकाश खाली सोडीत असतो. विहिरीत घागर सोडणारा माणूस दोर हातातून सरकू देतो, परंतु सोडून देत नाही, तसे. ह्या ताणाखाली लांबण्याच्या कामात श्वास थोडा लागतो, पण स्नायूंच्या बारीक तंतूंची इजा अधिक होते. चढताना धाप लागते, म्हणून मनुष्य थांबतो. शरीर आपण होऊन इशारा देते. उतरताना धाप लागत नाही, म्हणून इशारा मिळत नाही. त्याची पावती मागाहून, एक ते तीन दिवसांनी, मांड्या भरून येण्याच्या रूपाने मिळते. गुडघ्यावरील भाराचेही तसेच आहे. कृत्रिम गुडघ्यात मापकयंत्र बसविलेल्या रुग्णांवर जर्मनीत घेतलेली मापे २०१० साली प्रसिद्ध झाली. त्यांत सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट, पायऱ्या चढताना सुमारे तीनपट आणि उतरताना सुमारे साडेतीनपट भार आढळला. ६५ किलो वजनाच्या गृहस्थाच्या गुडघ्यावर दर पायरीस सव्वादोनशे किलोंच्या आसपास भार, आणि पायऱ्या हजारांनी मोजावयाच्या! थकलेली मांडी तो भार झेलण्यात कुचराई करू लागली, की तो गुडघ्याच्या सांध्यावर आदळू लागतो.

ह्या मुलखाने दोन्ही गोष्टींची स्मृती जपली आहे, ही मौजेची गोष्ट होय. पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाण्याचा कडा रात्री चढून गेलेल्यांचे ते पुढारी. आणि रायगडावर हिरकणीचा बुरूज आहे. गडाचे दरवाजे मिटल्यावर घरी राहिलेल्या तान्ह्या लेकरासाठी कडा उतरून गेलेल्या गवळणीची ती लोककथा. कोंढाणा चढणाऱ्यांचे कौतुक करताना आपण उतरणाऱ्या हिरकणीचे साहस केवळ मायेचे मानतो. त्यात पायांचे केवढे कसब होते, हे मांड्या भरून आलेल्या माणसासच कळते.

दीर्घ खंडानंतर एखाद्या छंदाकडे परतणाऱ्या प्रत्येकाची अडचण मुळात एकच असते. अवयव तेवढा बदलतो. कुस्तीगिराची मान जाते, गोल्फ खेळणाराची कंबर आणि मनगट जाते. थंड मुलखांत हिवाळाभर मैदाने बंद असताना गोल्फचे शौकीन घरातील सतरंजीवर चेंडू ढकलण्याचा सराव चालू ठेवतात, ह्याचे आपणांस हसू येते. परंतु वसंतात मैदानावर जाऊन कंबर धरून बसण्यापेक्षा ते शहाणपणाचे आहे. महाड-पोलादपूरकडे हिवाळ्याऐवजी पावसाळा माणसास घरात कोंडतो. चार महिने गडाच्या पायऱ्या निसरड्या असतात. तेव्हा भाद्रपदात गणपतींचे विसर्जन झाले, मोदकांचा समाचार घेऊन संपला, की तयारीस आरंभ करावा आणि मार्गशीर्षात गडावर जावे. मध्ये सुमारे बारा आठवडे मिळतात. तेवढे पुरेत.

प्रथम घरच्या घरी स्वतःची परीक्षा घ्यावी. हात टेकावयाचे नाहीत अशी साधी, भक्कम खुर्ची भिंतीस लावून ठेवावी, हात छातीशी बांधावे आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पुरते उभे राहून पुन्हा बसता येते ते घड्याळ लावून मोजावे. साठ ते चौसष्ट वर्षांच्या पुरुषास चौदा व स्त्रीस बारा वेळा जमले नाही, तर पायांचे बळ वयाच्या मानाने कमी आहे असे वैद्यकात मानतात. दुसरी परीक्षा तोलाची. भिंतीजवळ, पण भिंतीस न धरता, एका पायावर दहा सेकंद उभे राहून पाहावे. ब्राझीलमधील संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ माणसांपैकी ज्यांना हे साधले नाही त्यांच्यात पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण अधिक दिसले. ह्याचा अर्थ एका पायावर उभे राहिल्याने आयुष्य वाढते असा नव्हे, तसा अर्थ काढणे शेजाऱ्यांवर सोडावे. तोल हा शरीराच्या एकंदर स्थितीचा एक आरसा आहे, एवढेच त्यावरून म्हणता येते.

ज्यांना रक्तदाब, मधुमेह अथवा हृदयाचा विकार आहे, ज्यांना चालताना छातीत दडपण येते किंवा ज्यांनी दहा-पंधरा वर्षांत अंगमेहनत म्हणून काही केलेलेच नाही, अशांनी आरंभापूर्वी डॉक्टरांस दाखवावे. रक्तदाबाच्या काही औषधांनी नाडी मुळातच मंद राहते. असा मनुष्य नाडी मोजून मेहनतीचे माप काढू लागला तर फसेल. त्याला आणि इतरांनाही सोपे माप असे : चालता-चढता दोन वाक्ये सलग बोलता आली पाहिजेत. गाणे म्हणता येत असेल तर मेहनत कमी पडते आहे; शब्द तुटत असतील तर ती अधिक होते आहे.

मग प्रश्न येतो, घरातील जिन्याने गडाची बरोबरी कशी व्हावी? हिशेब करून पाहावा. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच. परंतु पायऱ्यांची वाट जेथे सुरू होते ती जागाच पुष्कळ उंचावर असल्याने प्रत्यक्ष चढावयाची उंची ४०० मीटरांच्या आसपास आहे. पायऱ्यांचा आकडा प्रत्येक मोजणारा वेगळा सांगतो. १,७३७ हा वारंवार ऐकू येतो. घरच्या जिन्याची पायरी सात इंच धरली आणि माडीपर्यंत सतरा पायऱ्या धरल्या, तर एका खेपेस दहा फूट, म्हणजे तीन मीटर चढ होतो. गडाएवढी उंची गाठण्यास सुमारे एकशे तेहतीस खेपा! हे ऐकून कोणी घाबरू नये. एका दिवसात तेवढ्या खेपा घालण्याची काहीच जरूर नाही. तयारीच्या अखेरीस एका बैठकीत चाळीस खेपा, मध्ये दोनदा विसावा घेऊन, सुखाने घालता आल्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय कुरकुरले नाहीत, तर गडाची सिद्धता झाली असे समजावे. उरलेले काम गडावरील विसावे करतात. जाता जाता एवढेही सांगावयास हरकत नाही की, ६५ किलोंचे शरीर ४०० मीटर वर नेण्यास सुमारे अडीचशे कॅलरी खर्च होतात. साधारण दोन भाकऱ्यांत हिशेब मिटतो. गड चढून आल्याच्या भरवशावर श्रीखंडाचा तिसरा वाडगा मागणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

पहिल्या पंधरवड्यात जिना चढूच नये. सकाळी अर्धा तास सपाटीवर चालावे आणि खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा वर सांगितलेला प्रयोग, घड्याळ न लावता, सावकाश करावा. आठ-दहांच्या दोन आवर्तनांत. ह्यातही गोम उठण्यात नाही, बसण्यात आहे. माणसे उठतात नीट आणि बसताना खुर्चीत अंग टाकून देतात. बसताना मनात चारपर्यंत आकडे मोजावे आणि चाराला खुर्चीस स्पर्श व्हावा. हा सावकाश बसण्याचा अभ्यास म्हणजेच गड उतरण्याचा पहिला धडा आहे. जोडीला भिंतीस हात लावून टाचा उचलाव्या आणि तितक्याच सावकाश खाली आणाव्या. त्याने पोटऱ्या व घोट्याच्या मागची कंडरा सज्ज होते.

तिसऱ्या आठवड्यापासून घराच्या जोत्याची पायरी हाताशी धरावी, नव्हे पायाशी धरावी. जुन्या घरांना ओटीस चढावयाची एक-दोन दगडी पायऱ्यांची जागा असते. ज्यांच्या घरी ती नाही त्यांना जिन्याची सर्वांत खालची पायरी चालेल. एका हाताने खांब अथवा कठडा धरावा. पायरीवर उभे राहून उजवा पाय तेथेच ठेवावा आणि डावा पाय पुढे, खाली नेऊन त्याची टाच जमिनीस जेमतेम टेकवावी. भार मात्र उजव्या मांडीनेच झेलावा. गुडघा आत, दुसऱ्या गुडघ्याकडे झुकू देऊ नये. तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. आरशासमोर केल्यास चूक लगेच दिसते. मग डावा पाय परत वर. असे सहा वेळा, नंतर पाय बदलून सहा वेळा. एक दिवस करावे, एक दिवस सोडावे. दिसावयास हा प्रकार अगदी क्षुल्लक दिसतो आणि तिसऱ्या दिवशी मांडी जराशी दुखतेही. ते दुखणे शुभ आहे; कारण एकदा असा थोडा ताण सोसलेला स्नायू पुढील काही आठवडे तशाच ताणाने तितका दुखावत नाही. पाठशाळेत ज्यास पहिली उजळणी म्हणतात, ती स्नायूंसही लागते. दुखणे मांडीच्या मांसात असेल तर चिंता नको. गुडघ्याच्या वाटीखाली, एका बोटाने दाखविता येईल अशा जागी ते असेल, किंवा सांध्यास सूज आली, तर पायरी अर्ध्या उंचीची करावी, फळीचा तुकडा घ्यावा, आणि आठवडाभर पुढे जाऊ नये.

येथे सूर्यनमस्कारांची गोष्ट निघणारच. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ज्या निष्ठेने ह्या व्यायामाचा प्रसार केला, तिला महाराष्ट्रातील कित्येक घरे आजही ऋणी आहेत. पाठ, खांदे, पोटऱ्यांचा मागचा भाग ह्यांना सूर्यनमस्कारांनी जो लवचिकपणा येतो तो गड चढणारास हवाच. तथापि, नमस्कार घालतो म्हणजे गडाची तयारी झाली, असे मानणे बरोबर नाही. नमस्कारात शरीराचा भार एका पायावरून सावकाश खाली सोडण्याचा प्रसंग येत नाही. म्हणून नमस्कार अवश्य घालावे, पण जोत्याची पायरी त्यांच्यापायी सोडू नये. पूर्ण बैठकांविषयीही असाच विवेक हवा. ज्याने पंधरा वर्षांत बैठक मारलेली नाही, त्याने एकदम पन्नास बैठकांचा संकल्प सोडणे म्हणजे गुडघ्याशी वैर धरणे होय. त्यापेक्षा जेवावयास पाटावर बसण्याची मोडलेली सवय पुन्हा लावावी. जमिनीवर दिवसातून चार वेळा बसणे आणि हात न टेकता उठणे, हा आपल्या आजोळी कोणी शिकविल्यावाचून चाललेला उत्तम व्यायाम होता. टेबल-खुर्ची आली आणि तो घरातून निघून गेला.

पाचव्या आठवड्यापासून जिन्यास हात घालावा. आरंभी पाच खेपा पुरेत. नंतर दर आठवड्यास चार-पाच वाढवाव्या. त्यापेक्षा अधिक वाढविण्याचा मोह होईल तो ह्याच दिवसांत, आणि तोच आवरावयाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांस आठवड्यास निदान दीडशे मिनिटे मध्यम मेहनत, दोन दिवस स्नायूंच्या बळाचे व्यायाम आणि पासष्टीपुढील मंडळींस त्याशिवाय तोलाचे व्यायाम सांगितले आहेत. चालणे, जिना, जोत्याची पायरी आणि दात घासताना एका पायावर उभे राहणे, एवढ्यात ते सर्व भरून निघते. दात घासताना उभे राहण्याची कल्पना पोरकट वाटेल. पण जी गोष्ट रोजच्या कामास जोडून दिली जाते तीच टिकते, हा शिक्षणाच्या धंद्यातील जुना अनुभव आहे.

घरातील स्त्रियांनी हे प्रकरण पुरुषांचे म्हणून सोडून देऊ नये. पन्नाशीनंतर स्त्रियांची हाडे अधिक वेगाने विरळ होतात आणि पायऱ्यांच्या व्यायामाची गरज त्यांना काकणभर अधिकच असते. शिवाय पती-पत्नींपैकी एकाने जिना मोजावयाचा आणि दुसऱ्याने खेपा घालावयाच्या, असे ठरले म्हणजे चुकारपणास जागा राहत नाही.

आठव्या-नवव्या आठवड्यानंतर अधूनमधून घराबाहेर परीक्षा घ्यावी. महाडकरांस गांधारपाल्याची लेणी अगदी जवळ आहेत. महामार्गाच्या कडेच्या टेकडीत ही सुमारे ३० बौद्ध लेणी असून पायऱ्यांनी वर जाता येते; पहाटे जाऊन न्याहारीच्या वेळेस परत येण्यासारखे ते स्थळ आहे. शिवथरघळीच्या पायऱ्याही ह्या कामी चांगल्या. पोलादपूरकरांस आंबेनळी घाटाने प्रतापगड सोयीचा. तेथे वाहन पुष्कळ उंचीपर्यंत जाते आणि पायी चढ रायगडाच्या मानाने थोडाच राहतो, म्हणून मधली पायरी म्हणून त्याची योजना करावी. प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट पाहावयाची : वर जाऊन दम किती लागला ही नव्हे, तर उतरून आल्यावर तिसऱ्या दिवशी पाय काय म्हणतात ही.

प्रत्यक्ष गडाच्या दिवशी उजाडताच पायऱ्यांस लागावे. महाडपासून पाचाड सुमारे पंचवीस किलोमीटर आहे, त्या मानाने पहाटे निघावे. मार्गशीर्षातही कोकणातील ऊन दहानंतर अंगावर येते आणि दमट हवेत घाम वाळत नाही. बूट नवे नसावे, वापरून पायास बसलेले, रबरी तळाचे असावे. पोट अगदी रिकामे नको आणि तुडुंबही नको. मधुमेहाची औषधे अथवा इन्शुलिन घेणारांनी खिशात गूळ अगर साखर ठेवलीच पाहिजे. चढताना दर पन्नास पायऱ्यांस उभ्यानेच दहा श्वास घेऊन पुढे जावे. दमून बसण्यापेक्षा दमण्यापूर्वी थांबणे केव्हाही बरे. छातीत दडपण, डाव्या हाताकडे अथवा जबड्याकडे जाणारी कळ, अवेळी सुटलेला थंड घाम, भोवळ, ह्यांपैकी काही झाले तर तेथेच बसावे, बरोबरीच्यांस सांगावे आणि मदत मागवावी. वर आता थोडेच राहिले आहे, हा विचार त्या क्षणी मनात आणू नये. मधुमेही माणसास व स्त्रियांस कळ न येता नुसती धाप आणि मळमळ होऊ शकते, हेही घरच्यांस ठाऊक असावे.

हिरकणीवाडीहून १९९६ साली रज्जुमार्ग सुरू झाला, ज्यास लोक रोपवे म्हणतात. काही मिनिटांत तो माणसास वर पोहोचवितो. पुष्कळ वयस्कर मंडळी त्याने वर जातात आणि उतार सोपा म्हणून पायी खाली येतात. आतापर्यंत जे सांगितले त्यावरून ही योजना नेमकी उलटी आहे हे ध्यानात येईल. ज्याच्या हृदयाविषयी डॉक्टरांस शंका नाही परंतु गुडघे कच्चे आहेत, त्याने सावकाश पायी चढावे आणि रज्जुमार्गाने उतरावे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. शिवाय रज्जुमार्गाने वर गेलेल्यासही पुढे राजसदर, बाजारपेठ, जगदीश्वराचे मंदिर आणि महाराजांची समाधी येथवर आपल्या पायांनीच जावे लागते. गडाचे बांधकाम करणारे हिरोजी इंदुलकर ह्यांनी आपले नाव कोरविले तेही जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीच्या दगडावर. तो दगड पाहावयाचा तर चालण्यावाचून गत्यंतर नाही.

ज्यांनी बारा आठवडे जोत्याची पायरी सोडली नाही, त्यांनी पायी उतरण्यास हरकत नाही. मात्र वर निदान दोन तास बसून, खाऊन, पाणी पिऊन मग निघावे. हातात काठी असावी आणि ती पुढच्या पायरीवर आधी टेकावी, पाय मागाहून. गुडघा ताठ ठेवून टाच आपटीत येऊ नये. गुडघा किंचित वाकवून, पाऊल आखूड टाकून, उंच पायरीस जरा आडवे होऊन उतरावे. नातू धावत पुढे गेला तर जाऊ द्यावा. पुढच्या वळणावर तो थांबलेला असतो.

घरी आल्यावर लगेच खुर्ची गाठू नये. दहा मिनिटे अंगणात फिरावे, कोमट पाण्याने पाय धुवावे, जेवून निजावे. दुसऱ्या दिवशी सपाटीवर थोडे चालावे. तिसऱ्या दिवशी सकाळी माडीवरून खाली येताना तोंड पुढे आहे की भिंतीकडे, हे घरातील मंडळी पाहतीलच.